आधी म्हैस, मग ड्रॅगन

पहिल्याच दिवशी ड्रॅगन विकत घेऊ नका. फँटसी मिनिएचर रंगवायची हौस ज्याला लागते, तो बहुतेकदा दुकानातला सगळ्यात मोठा, पंख पसरलेला, खवल्याखवल्यांचा राक्षस उचलतो. एक पंख रंगवेपर्यंत हौस भागते आणि अर्धा करडा, अर्धा तांबडा ड्रॅगन पुढची काही वर्षं कपाटावर धूळ खात बसतो. तुम्हाला आधी हवी आहे एक म्हैस. म्हैस मिळाली नाही तर गवा, घोडा, गाढव, रानडुक्कर; चार पायांचं, एक-दोन रंगांचं, मुठीत मावणारं कुठलंही जनावर चालेल.

याचं पहिलं कारण सोयीचं आहे. 28 मिलिमीटर उंचीच्या योद्ध्याच्या अंगावर पट्टे, बक्कलं, थैल्या, म्यान, चिलखताच्या कड्या, केस, ओठ आणि दिसतील न दिसतील असे डोळे असतात. प्रत्येकाचा रंग वेगळा आणि प्रत्येकाची कड दुसऱ्याला चिकटलेली. नवा हात तिथे रंग भरण्यापेक्षा सांडलेला रंग झाकण्यातच दमतो. जनावराला कातडी, शिंगं, खूर आणि डोळे एवढंच. त्यामुळे या छंदात जे खरोखर शिकायचं असतं, म्हणजे रंग पातळ करणं, सावली बसवणं आणि उजेड चढवणं, त्याकडे लक्ष देता येतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ड्रॅगन कुणीच पाहिलेला नाही. तरीही एखादा रंगवलेला ड्रॅगन जिवंत वाटतो आणि एखादा नुसता प्लॅस्टिकचा वाटतो. बघणारा नकळत त्याला आपण पाहिलेल्या जनावरांशी ताडून बघत असतो. पोट पाठीपेक्षा फिकट आहे का, सांध्यापाशी कातडी काळवंडली आहे का, शिंग बुडाशी आणि टोकाशी एकाच रंगाचं आहे का. हे ज्याने म्हशीवर पाहिलं आणि रंगवलं, त्याला ड्रॅगन जड जात नाही.

हा छंद इंग्लंड-अमेरिकेत वाढला. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम घालून दिले. 1974 मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला, 1983 मध्ये इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपचा ‘वॉरहॅमर’ आला, आणि शिपायांच्या जागी बुटके, ऑर्क, जादूगार, भुतं उभी राहिली. त्याच सुमाराला, पण अगदी वेगळ्या घरांत, जनावरांची शाखा वाढत होती. ब्रेयर या अमेरिकी कंपनीचे प्लॅस्टिकचे घोडे 1950 पासून मिळतात. त्यांचा मूळ रंग उतरवून किंवा झाकून आपल्या मनाजोगता घोडा रंगवणाऱ्यांचं तिकडे एक स्वतंत्र जगच आहे. जर्मनीच्या श्लाइश कंपनीची जनावरं आपल्याकडेही मोठ्या खेळण्यांच्या दुकानांत दिसतात. आपल्याला छोट्या मूर्ती रंगवणं नवं नाही. पेणचे गणपती आहेत, सावंतवाडीची चितार आळी आहे, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आणि वाघ आहेत. सरावाला परदेशी मूर्तीच हवी असंही नाही. किल्ल्यासाठी मिळणारी प्लॅस्टरची किंवा मातीची जनावरं स्वस्त असतात आणि बिघडली तरी जिवाला लागत नाही.

मूर्ती हातात आल्यावर

आधी ती कशाची आहे ते बघा, कारण पुढची सगळी वागणूक त्यावर ठरते. खेळाच्या मूर्ती हल्ली बहुतेक कडक प्लॅस्टिकच्या किंवा रेझिनच्या असतात. जुन्या धातूच्या असतात. खेळण्यांच्या पाकिटातली जनावरं मऊ पीव्हीसीची असतात. जुन्या धातूच्या मूर्तींत शिसं असायचं, म्हणून तसल्या मूर्ती मुलांच्या हाती देऊ नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली रेझिनची मूर्ती मागवली असेल तर ती चिकट लागता कामा नये. चिकट म्हणजे रेझिन पुरतं पक्कं झालेलं नाही आणि ते कातडीला बाधतं. रेझिन घासायचं झालं तर पॉलिश पेपर ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा. त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नये.

साच्यातून सहज सुटावी म्हणून मूर्तीवर तेलकट थर असतो आणि त्यावर रंग धरत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन ती धुवा, वाळवा. मग साच्याच्या दोन भागांमधली रेघ शोधा. म्हशीच्या पाठीवरून, पायांच्या मागून आणि शेपटीच्या दोन्ही अंगांनी ती जाते. कटरच्या पात्याची धारदार नव्हे तर मागची बाजू त्यावरून हळू ओढली की रेघ खरवडून निघते. या कामाचा सगळ्यांना कंटाळा असतो, पण न काढलेली रेघ रंगाखाली लपत नाही. पुढे ड्रायब्रश केला, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला, की ती ठळक होऊन वर येते. तुटलेला पाय फेव्हिक्विकने जोडा, फट एम-सीलने बुजवा. परदेशी ‘ग्रीन स्टफ’ बारीक कोरीव कामाला चांगलं असतं, पण म्हशीच्या मांडीतली फट भरायला एम-सील पुरे.

मूर्ती हातात धरून रंगवू नये. बोटांचा घाम रंग उचलतो. बाटलीच्या बुचावर दुतर्फी टेपने चिकटवून बूच धरा.

प्रायमर आणि आपला पावसाळा

परदेशी व्हिडिओंमध्ये स्प्रे प्रायमरचा डबा घेऊन दोन फवारे मारतात आणि काम होतं. जुलैमध्ये मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत हे करून बघाल तर मूर्तीवर रव्याळ, खरखरीत थर बसेल आणि तो काढता काढता नाकी नऊ येतील. हवेत दमटपणा जास्त असला की फवारा नीट बसत नाही. मॅट वार्निशच्या फवाऱ्यावर तर पांढुरकी झाक येते. मऊ पीव्हीसीवर आणखी एक गोम आहे. काही स्प्रेंमुळे ते चिकट होतं आणि महिनोन्महिने चिकटच राहतं. म्हणून किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी आणि पीव्हीसीची जनावरं रंगवणाऱ्यांनी सरळ ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्यावा. तो सावकाश, पातळ थरात लावायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. पुण्या-नाशकात, कोरड्या दिवसांत, गच्चीवर किंवा गॅलरीत, मास्क लावून स्प्रे खुशाल मारा. जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नसावी.

प्रायमरचा रंग कोणता? काळ्यावर खाचा आपोआप गडद राहतात पण पिवळा, लाल फिका पडतो. पांढऱ्यावर रंग उजळतात पण सुटलेली प्रत्येक जागा ओरडून दिसते. पहिल्या मूर्तीला करडा घ्या. हात बसल्यावर काळ्या प्रायमरवर वरच्या बाजूने तिरका पांढरा फवारा मारून बघा. डोक्यावर ऊन आल्यावर मूर्तीवर सावली कुठे पडेल ते त्यात आपोआप उमटतं आणि पुढच्या रंगकामाला नकाशा मिळतो.

रंग

वायेहोसारख्या स्पॅनिश कंपनीचे ड्रॉपरच्या बाटलीतले रंग किंवा गेम्स वर्कशॉपचे सिटाडेल रंग याच कामासाठी केलेले असतात. त्यांतली रंगद्रव्यं बारीक दळलेली असतात, त्यामुळे पातळ थरातही रंग झाकतो. ते महाग पडतात. शिकताना कॅम्लिनच्या अ‍ॅक्रिलिक ट्यूबा चालतात का, असं बरेच जण विचारतात. चालतात. ट्यूबमधला रंग दाट आहे हे लक्षात ठेवून नीट पातळ करावा लागतो आणि थर जास्त द्यावे लागतात, इतकंच. जनावरांना तर मातीचेच रंग लागतात. काळा, पांढरा, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, येलो ऑकर आणि एक निळा, एवढ्या सहा ट्यूबांत म्हैस, घोडा, गवा, माकड, बिबट्या सगळे उतरतात. चाळीस बाटल्यांचा संच पहिल्या महिन्यात घेणाऱ्याला रंग मिसळायला कधीच येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पातळ म्हणजे किती पातळ? म्हशीच्या दुधाइतका दाट नको, गाईच्या दुधाइतका हवा. ब्रशने अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. ती सलग उमटली, कडा फुटल्या नाहीत आणि खालचं नख जरासं दिसत राहिलं, म्हणजे जमलं. एका थरात झाकायचा हट्ट करू नका. दोन-तीन पातळ थर द्या आणि प्रत्येक थर पुरता वाळू द्या. दाट रंग कोरीवकाम गिळतो आणि गिळलेलं परत मिळत नाही.

उन्हाळ्यात पंख्याखाली रंग मिसळता मिसळता वाळतो. त्यावर उपाय ओल्या पॅलेटचा. पसरट डब्यात ओला स्पंज किंवा चार पदरी टिश्यू घाला, त्यावर बेकिंगचा बटर पेपर अंथरा आणि रंग त्या कागदावर काढा. खालचा ओलावा कागदातून वर येत राहतो. झाकण लावलं तर रंग दुसऱ्या दिवशीही वापरता येतो. पावसाळ्यात मात्र त्या स्पंजाला बुरशी लवकर धरते, तेव्हा तो रोज धुवा.

म्हैस रंगवताना

काळी म्हैस काळ्या रंगाने रंगवली की ती म्हैस न राहता म्हशीच्या आकाराचं भोक होऊन जाते. शुद्ध काळ्यावर सावली पडत नाही, कारण त्याहून गडद काहीच उरलेलं नसतं. गोठ्यात किंवा ओढ्यावर उभी असलेली म्हैस एकदा नीट बघा. तिची कातडी पाटीसारखी करडी असते. मान, खांदा आणि मागच्या मांडीच्या वळ्या जास्त गडद. कण्यावर आणि पुठ्ठ्याच्या हाडांवर धुरकट उजेड. केस विरळ, तपकिरी, उन्हात तांबूस दिसणारे. कानाच्या आत आणि कासेपाशी गुलाबट झाक. ओली झाली तर हे सगळं बदलतं आणि नुसती चमक उरते.

म्हणून मूळ रंग असा करा: काळा आणि बर्न्ट अंबर जवळजवळ सारखे, त्यात पांढऱ्याचा जरासा ठिपका. याचे दोन पातळ थर सगळ्या अंगावर द्या. वाळल्यावर याच मिश्रणात काळा वाढवून, भरपूर पाणी आणि थोडं मॅट मीडियम घालून वॉश करा. मीडियम घालायचं कारण असं की नुसत्या पाण्याने पातळ केलेला रंग वाळताना कडेला डाग धरतो. हा वॉश मानेच्या वळ्यांत, बरगड्यांच्या मधे, पायांच्या सांध्यांत उतरू द्या. सगळ्या अंगावर ओतून मोकळं होऊ नका. पोटाखाली, शेपटीच्या बुडाशी थेंब साचला तर स्वच्छ, ओलसर ब्रशचं टोक लावून तो टिपून घ्या. मग थांबा. पुढची पायरी ओल्या वॉशवर केली की सगळं काम उखडून निघतं.

आता ड्रायब्रश. मूळ रंगात पांढरा आणि किंचित ऑकर घालून धुरकट करडा करा. मेकअपचा मऊ, गोल ब्रश यासाठी फार छान. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातला स्वस्तातलाही चालतो. त्याला रंग लावा आणि पुठ्ठ्यावर घासत राहा, अंगठ्यावर फिरवल्यावर रेषांपुरताच रंग उठेल इतका तो सुकेपर्यंत. मग म्हशीवर हलक्या हाताने फिरवा. दिशा महत्त्वाची आहे. कोरलेले केस पाठीकडून पोटाकडे जात असतील तर ब्रश त्यांना आडवा, शेपटीकडून डोक्याकडे न्यायचा. केसांच्या दिशेने नेलात तर रंग खाचांत जाईल आणि वॉशवर पाणी पडेल. कणा, पुठ्ठ्याची हाडं, बरगड्या, भुवईचं हाड, नाकाचा दांडा यांच्यावर दोन वेळा. पोटाखाली एकदाही नाही. बहुतेक नवशिके इथे रंगतात आणि म्हैस पिठात लोळल्यासारखी पांढरी करून ठेवतात. थोडं कमी वाटतं आहे तिथेच थांबायचं.

शिंगं तुमची म्हैस कुठली आहे त्यावर. मुऱ्हा असेल तर वेटोळी, घट्ट. पंढरपुरी असेल तर मागे, खांद्याच्याही पलीकडे गेलेली लांब शिंगं. सोलापूर-कोल्हापूरकडचा वाचक वेटोळ्या शिंगांची पंढरपुरी म्हैस बघून हसेल. बुडाशी राखाडी-तपकिरी, टोकाकडे काळपट होत जाईल असा रंग द्या. हा उतार एका दमात जमत नाही. अगदी पातळ काळपट रंग टोकाकडून बुडाकडे नव्हे, बुडाकडून टोकाकडे ओढा. ब्रश जिथे उचलाल तिथे रंग सर्वांत जास्त साचतो. दर वेळी थोडं पुढून सुरुवात करत चार-पाच वेळा केलं की टोक आपोआप गडद होतं. याला ग्लेझ म्हणतात आणि पुढे ड्रॅगनच्या नखांपासून जादूगाराच्या झग्यापर्यंत सगळीकडे हीच युक्ती लागते.

डोळा सोपा आहे. माणसाच्या डोळ्यासारखा पांढरा भाग जनावरांच्या डोळ्यात सहसा दिसत नाही, त्यामुळे पांढरा लावून मधे काळा ठिपका ठेवलात तर म्हैस घाबरलेली दिसेल. गडद तपकिरी ठिपका, वाळल्यावर वरच्या कोपऱ्यात पांढऱ्याचा कण आणि त्यावर ग्लॉस वार्निशचा थेंब. नाकपुड्यांभोवतीही ग्लॉस लावा. बाकी अंग मॅट आणि नाक ओलं, एवढ्यानेच जनावर श्वास घेतल्यासारखं दिसतं.

पायांना वाळलेला चिखल हवाच. भांडी घासायच्या स्पंजाचा तुकडा हाताने फाडा, ऑकर आणि करडा मिसळून त्यावर घ्या, जवळजवळ सगळा पुसून टाका आणि गुडघ्यापर्यंत ठिपके उठवा. वर जाताना विरळ. डबक्यात उभी करायची असेल तर पाण्याच्या रेषेपर्यंत ग्लॉस आणि वर मॅट.

इतर जनावरं

गवा हा म्हशीचा पुढचा धडा आहे. दाजीपूर-राधानगरीला जाऊन आलेल्यांना त्याचे पांढरे पायमोजे आठवतील. ते कधीही शुभ्र रंगवू नका, मळकट पिवळट ठेवा. घोड्यांत आधी कुमैत घ्या. तपकिरी अंग आणि काळी आयाळ, काळी शेपूट, गुडघ्याखाली काळे पाय. तपकिरी काळ्यात जिथे मिसळतो तिथे ग्लेझचा सराव होतो. मग पंचकल्याणी करा. अबलख मात्र नंतर, कारण त्याच्या ठिगळांच्या कडा फार सरळ झाल्या की घोडा नकाशासारखा दिसायला लागतो. पांढरा खिल्लार बैल उबदार करड्यापासून सुरू करा आणि शुद्ध पांढरा फक्त वशिंडाच्या माथ्यावर आणि पाठीवर ठेवा. खोंडाच्या मानेवर, खांद्यावर करडी छटा असतेच.

वाघाचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे नसतात, तेव्हा आरशासारखे जुळवत बसू नका. प्रत्येक पट्टा दोन्ही टोकांना निमुळता करा आणि तो शरीराच्या गोलाईबरोबर वळू द्या. पट्टे झाल्यावर त्यांच्यावरून नारिंगी-तपकिरी अगदी पातळ ग्लेझ फिरवा. पट्टा कातडीवर चिकटवलेला न दिसता केसांत शिरलेला दिसतो. कानामागचा पांढरा ठिपका विसरू नका. बिबट्याला अंगावर फुलं आणि पायांवर, डोक्यावर भरीव ठिपके. चित्त्याला सगळीकडे भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडाकडे उतरणारी काळी रेघ. पोट, गळा, पायांची आतली बाजू जवळजवळ सगळ्याच जनावरांत फिकी असते. अ‍ॅबट थेअर या अमेरिकी चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याचं कारण मांडलं: वरून ऊन पडतं, पोटाखाली सावली पडते, आणि फिकं पोट ती सावली पुसून जनावराला सपाट, न दिसणारं करतं. रंगवणाऱ्याने याचा उलटा विचार करायचा. आपल्याला मूर्ती दिसायला हवी आहे. म्हणून पोट फिकं ठेवा, पण त्याच्या कडेला वॉशची सावली द्या.

आणि मग ड्रॅगन

आता घ्या तो. पण रंग ठरवण्याआधी बागेतल्या सरड्याकडे बघा. विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि गळा तांबडा होतो आणि बाकी अंग फिक्या तपकिरीवर राहतं. खऱ्या प्राण्यांत साधारण असंच असतं: एक मुख्य रंग, एक साथीचा, आणि थोड्याशा जागेत एक भडक. हिरवं अंग, जांभळे पंख, सोनेरी शिंगं, लाल पोट आणि निळी नखं असा ड्रॅगन बघितला की डोळा कुठे टेकायचं तेच विसरतो.

खवल्यांसाठी घोरपड आणि मगर बघा. पाठीवरचे मोठे खवले गडद, बाजूचे लहान आणि मऊ, पोटाखालचे आडवे पट्टे फिके. पंखाच्या पडद्यासाठी वटवाघूळ. हाडांपाशी पडदा जाड असतो म्हणून गडद. मधे पातळ, म्हणून उजेड पार जातो आणि तिथे उबदार, तांबूस रंग चांगला दिसतो. हाडांकडून मध्याकडे ग्लेझ ओढा, शिंगाच्या वेळी शिकलात तसं. डोळ्याला उभ्या फटीची बाहुली हवी असेल तर ती घोणसाची; नागाची बाहुली गोल असते. ऑर्कच्या हिरव्या कातडीतही नाकाच्या टोकाला, ओठांना, बोटांच्या पेरांना थोडा तांबडा मिसळा. रक्त आत असल्याशिवाय कातडी जिवंत दिसत नाही.

ड्रॅगनच्या किंवा घोड्याच्या पाठीवरचा स्वार रंगवताना चेहरा आणि डोळे सगळ्यात आधी उरका. पेणच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सर्वांत सराईत हाताकडे जाते. आपण अजून तितके सराईत नाही. आधी डोळे काढले तर चुकलेली कड कातडीच्या रंगाने झाकता येते, शेवटी काढले तर सगळा चेहरा जातो. परदेशी ‘फ्लेश’ बाटल्यांचा रंग बहुधा गुलाबट असतो. सह्याद्रीतल्या उन्हात फिरणारा माणूस हवा असेल तर बर्न्ट सिएना, ऑकर आणि पांढरा मिसळून करा. चिलखताचा धातूचा रंग वेगळ्या पाण्यात धुवा, नाहीतर त्याची चकाकी पुढच्या सगळ्या रंगांत उतरते.

पाया साधाच ठेवा. फेव्हिकॉलवर चाळलेली, वाळवलेली वाळू. धुऊन वाळवलेला चहाचा चोथा पाचोळ्याचं काम करतो. वाळूचा रंग गावाप्रमाणे द्या: कोकणात जांभ्याचा तांबडा, देशावर काळ्या दगडाचा करडा. पूर्ण वाळल्यावर मॅट वार्निश लावा. खेळात हाताळली जाणार असेल तर आधी ग्लॉसचा थर, वर मॅट.

ब्रश घेताना

चांगल्या टोकाचा एक ब्रश नुसत्या तपशिलांसाठी ठेवा आणि त्याने वॉश, गोंद, ड्रायब्रश काही करू नका. फार बारीक, तीन शून्याचा ब्रश घेण्यात हशील नाही. त्यात रंग राहतच नाही, मूर्तीपर्यंत येईतो वाळतो. एक किंवा दोन नंबरचा, टोक धरणारा ब्रश डोळेही काढतो. रंग केसांच्या अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नका, धातूच्या नळीत गेला की टोक फुटतं. काम संपलं की साबण आणि गार पाण्याने धुवा. टोक करायला तोंडात घालायची सवय अनेक जुन्या रंगवणाऱ्यांना असते. ती लावून घेऊ नका. काही रंगद्रव्यं विषारी असतात.

परदेशात कोलिन्स्की केसांच्या ब्रशांचं मोठं कौतुक आहे आणि ते महागही पडतात. शिकायला आणि नंतरही चांगला सिंथेटिक ब्रश पुरतो. आपल्याकडे मात्र ब्रश घेताना आणखी एक गोष्ट बघायची असते. मुंगसाच्या केसांचे ब्रश वर्षानुवर्षं चोरून विकले गेले आहेत. मुंगूस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याचे केस आणि ब्रश विकणं, बाळगणं गुन्हा आहे, आणि 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने यावर छापे घातले होते. मुंगसाचा केस एकरंगी नसतो: टोकाला गडद तपकिरी, मधे फिकट पिवळसर, पुन्हा बुडाशी गडद. सिंथेटिक केसांनाही कधी कधी तसा रंग दिलेला असतो, त्यामुळे नुसत्या नजरेवर जाऊ नका. कंपनीचं नाव आणि ‘सिंथेटिक’ असं छापलेला ब्रशच घ्या. दुकानदाराने सुटा, नाव नसलेला ब्रश पुढे करून “याचं टोक बघा, मोडणारच नाही” असं सांगितलं, तर कशाचे केस आहेत ते विचारा, आणि सरळ उत्तर मिळालं नाही तर तो ब्रश परत करा.